आर्म लिफ्ट करायचं ठरवताय? काजळाच्या रेघेपासून सुरुवात करा

फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख लिहायला हात उचलला, की तारीख लिहून झाली तरी माझा दंड हलतच राहायचा. मागच्या बाकांवरून खुसखुस ऐकू यायची. बॅरिएट्रिक सर्जरीनंतर (वजन उतरवण्यासाठी पोटावर करतात ती) दीड वर्षात माझं ४१ किलो वजन उतरलं, शुगर आटोक्यात आली, जिना चढताना धाप लागेनाशी झाली. कातडी मात्र वजनाबरोबर गेली नाही. दंडाखाली पिशवीसारखी लोंबत राहिली. उन्हाळ्यात तिच्या घडीत घाम साचून चट्टे उठायचे. ब्लाउजची बाही दंडाच्या मापाने शिवली तर खांद्यावर ढगळ, खांद्याच्या मापाने शिवली तर दंड आत जाईना.

शेवटी ऑपरेशन केलं. त्याला आता दोन वर्षं झाली. तेव्हापासून ओळखीतल्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीतल्या बायका (दोन पुरुषही) फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. मी शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. औषधपाण्याच्या बाबतीत तुमचे सर्जन सांगतील तेच खरं.

ऑपरेशनचं शास्त्रीय नाव ब्रॅकिओप्लास्टी. दवाखान्यात सगळे आर्म लिफ्टच म्हणतात. काखेपासून कोपराच्या दिशेने जादा कातडी आणि तिच्याखालची चरबी कापून काढायची, उरलेली ओढून शिवायची, एवढंच ते काम.

१. आधी रेघ ओढा

डॉक्टरकडे जायच्या आधी, पैशांची चौकशी करायच्याही आधी हे करा. आरशासमोर उभ्या राहा, हात बाजूला पसरा आणि काजळाच्या पेन्सिलीने काखेपासून कोपराच्या जरा अलीकडपर्यंत, दंडाच्या आतल्या बाजूने एक रेघ ओढा. हात पोहोचत नसेल तर कुणाकडून तरी ओढून घ्या. मग दिवसभर तशाच घरात वावरा. केस विंचरा, दोरीवर कपडे वाळत घाला, दार उघडायला जा.

तुमचा व्रण साधारण तिथे आणि तेवढा असणार आहे. या ऑपरेशनात कातडी देऊन व्रण घ्यायचा असतो, आणि तो जन्मभराचा. फिका होतो, पण जात नाही. पोटाच्या ऑपरेशनाचा व्रण निऱ्यांखाली झाकला जातो, हा मात्र हात वर केला की दिसतो. मी चार दिवस रेघ ओढून हिंडले. तिसऱ्या दिवशी धाकट्या जावेने विचारलं, "ताई, हाताला काय लागलं हो?" काय लागलं ते सांगताना मला अजिबात ओशाळल्यासारखं झालं नाही, तेव्हाच ठरलं. माझ्या एका मैत्रिणीला दुसऱ्याच दिवशी ती रेघ नकोशी झाली. तिने ऑपरेशन केलं नाही, पूर्ण बाहीचे कुर्ते शिवले, आणि ती मजेत आहे.

रेघेच्या दोन जागा असतात. काही सर्जन व्रण दंडाच्या आतल्या खाचेत ठेवतात. हात खाली सोडलेले असले की तो दिसत नाही, वर केले की दिसतो. काही जण तो जरा मागच्या बाजूला ठेवतात. तुम्हाला आरशात तो दिसणार नाही, मागून बघणाऱ्याला दिसेल. दोन्ही रेघा ओढून फोटो काढून ठेवा. भेटीच्या वेळी उपयोगी पडतात.

२. चिमटीत काय येतं?

हात खांद्याच्या उंचीवर बाजूला धरा, कोपरात काटकोनात वाकवा आणि दंडाखालचा भाग अंगठा व तर्जनीत पकडा. सर्जनही पहिल्या भेटीत हेच करतात. चिमटीत जाडसर चरबी आली आणि कातडी घट्ट असली तर कदाचित नुसत्या लायपोसक्शनवर भागेल, म्हणजे दोन-चार बारीक छिद्रांतून चरबी ओढून घेतात, लांब व्रण नाही. पातळ, मऊ, रिकाम्या उशीच्या अभ्र्यासारखी कातडी आली तर लायपोसक्शनने ती आणखी लोंबेल. सैलपणा फक्त काखेजवळ असेल तर व्रण काखेतच लपवता येतो, त्याला मिनी म्हणतात. आणि खूप वजन उतरलेल्या माणसांत हा सैलपणा काखेवरून खाली छातीच्या कडेपर्यंत गेलेला असतो. तिथे चीरही तशीच लांबते.

व्यायामाचं विचाराल तर डंबेल्सनी दंडाचा मागचा स्नायू भरतो, दंड थोडा भरीव दिसतो. पण वर्षानुवर्षं ताणून आतले तंतू तुटलेली कातडी व्यायामाने आखडत नाही. मशिनने "स्किन टाइटनिंग" करून देतो म्हणणाऱ्यांचंही तेच. थोडा सैलपणा असेल तर फरक पडतो, माझ्यासारख्या पिशवीला नाही. मी त्यात सहा सिटिंगचे पैसे घालवलेत, म्हणून जरा जोरात सांगते.

३. वजन थांबू द्या

वजन किमान सहा महिने एका जागी टिकलेलं हवं. बॅरिएट्रिक झालेली असेल तर बहुतेक सर्जन त्यानंतर १२ ते १८ महिने थांबायला सांगतात. घाईने केलं आणि नंतर आणखी दहा किलो उतरले, तर कातडी पुन्हा सैल. उलट वजन वाढलं तर व्रण ताणून रुंद. पुढे बाळाचा विचार असेल तर तेही आधी डॉक्टरांच्या कानावर घाला.

हल्ली वजनासाठी सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपॅटाइडची इंजेक्शनं घेणाऱ्या बऱ्याच जणी भेटतात. ती चालू असतील तर सर्जनला सांगाच, आणि भूलतज्ज्ञांना वेगळं सांगा. या औषधांनी पोट हळू रिकामं होतं. रात्रभर उपाशी राहूनही पोटात अन्न शिल्लक असू शकतं आणि भुलीत ते श्वासनलिकेत जायची भीती असते. कधी थांबवायचं ते तेच सांगतील.

४. सर्जन

एमबीबीएस, मग एमएस, मग प्लास्टिक सर्जरीत एमसीएच, किंवा त्याच विषयातलं डीएनबी. पाटीवर हे बघा. "कॉस्मेटॉलॉजिस्ट", "एस्थेटिक फिजिशियन" असे शब्द मोठ्या अक्षरांत असतात, त्यामागे दोन-चार महिन्यांचा कोर्सही असू शकतो. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा, तो तपासता येतो. विचारल्यावर डॉक्टरांना राग आला तर उठून या.

मी आधी एका चकचकीत क्लिनिकमध्ये गेले होते. डॉक्टर भेटलेच नाहीत. एका मुलीने सोफ्यावर बसवून, माझा दंड न बघता, लॅपटॉपवर "पॅकेज" दाखवलं आणि "मॅडम, आज बुकिंग केलंत तर डिस्काउंट" म्हणाली. साडीच्या दुकानात ठीक आहे. पुण्यात ज्यांच्याकडे शेवटी केलं, त्यांनी पहिल्या भेटीत पाऊण तास घेतला आणि "महिनाभर विचार करा, मग फोन करा" म्हणून परत पाठवलं.

सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांतही प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, गोव्यात बांबोळीचं जीएमसी. तिथे भाजलेले, अपघातातले, कॅन्सरचे पेशंट आधी, आणि तसंच असायला हवं. पण निदान योग्य माणसाकडून तपासून घ्यायला केस पेपर काढायला हरकत नाही.

भेटीत विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्या. माझ्यासारखं सैल असलेल्या पेशंटचे वर्षभरानंतरचे फोटो आहेत का? (महिन्याभराचे नकोत. व्रण कसा बसतो ते वर्षाने कळतं.) भूल कोण देणार, एमडी भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हजर असणार का? ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) ठेवणार का? जखम उघडली किंवा पाणी साचलं तर त्याचा खर्च वेगळा का? माझे फोटो इन्स्टाग्रामवर जाणार का? शेवटच्याचं उत्तर लेखी घ्या. संमतिपत्र मराठीत मागा आणि घरी आणून वाचा.

तुम्हीही काही लपवू नका. स्तनाच्या कॅन्सरमुळे काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज येण्याचा धोका असतो, तिथे सर्जन दहा वेळा विचार करतील. आधीच्या एखाद्या जखमेवर किंवा कान टोचलेल्या जागी कातडी गाठीसारखी वाढली असेल, म्हणजे केलॉइड, तर तेही दाखवा. आपल्याकडच्या सावळ्या कातडीत ही खोड जास्त.

आणि मिश्री. तंबाखू खाता का, असं विचारल्यावर आपल्याकडच्या कितीतरी बायका नाही म्हणतात, कारण मिश्री म्हणजे दात घासणं, तंबाखू थोडीच! मिश्री हा भाजलेला तंबाखूच. निकोटिन कुठूनही गेलं तरी बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि ताणून शिवलेल्या कातडीला रक्त कमी पडलं की ती कडेने काळी पडते, टाके उसवतात. सिगारेट, गुटखा, मिश्री, सगळं किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर बंद. सवय सुटत नसेल तर तारीख पुढे ढकला, पण खोटं बोलू नका.

५. पैसे

आकडा गावागणिक आणि हॉस्पिटलगणिक बदलतो, म्हणून इथे लिहीत नाही. कोटेशनमध्ये काय काय धरलंय ते बघा: सर्जनची फी, भूलतज्ज्ञांची फी, ओटी चार्जेस, खोली, तपासण्या, औषधं, प्रेशर गार्मेंट (नंतर हातांवर घालायच्या घट्ट बाह्या), नंतरची ड्रेसिंग. सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला जीएसटीही लागतो. तो धरलाय का, हा प्रश्न राहून जातो आणि डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर वाद होतो.

मेडिक्लेमवर विसंबू नका. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयने ठरवून दिलेल्या वगळणुकींत कॉस्मेटिक सर्जरी आहे. अपघात, भाजणं, कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना किंवा आरोग्याला थेट, तातडीचा धोका असल्याचं डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं असेल, तरच विचार होतो. घडीत वारंवार जंतुसंसर्ग होत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांचे कागद जपून ठेवा. पण क्लेम मिळेलच असं धरून तारीख घेऊ नका.

६. घराची तयारी

याबद्दल कुणी सांगत नाही. ऑपरेशननंतर तुमचे दोन्ही हात एकाच वेळी अर्धे निकामी होणार आहेत. पाय मोडला तर निदान बसून पोळ्या लाटता येतात.

वरच्या फळीवरचं सगळं ओट्याच्या उंचीवर आणा: चहा-साखरेचे डबे, औषधं, टॉवेल. समोरून बटणं असलेले सैल कपडे काढून ठेवा. डोक्यावरून घालायचं काहीही दोन आठवडे जमत नाही. मी यजमानांचे ढगळ शर्ट वापरले. वेणी कोण घालणार, केस कोण धुणार, ते आधी ठरवा. अंगावरचं मूल असेल तर त्याला उचलणारं माणूस घरात हवंच. कणीक मळणं, कुकर उचलणं, पाण्याची कळशी, झाडून काढणं हे महिनाभर दुसऱ्याकडे. बाई लावणार असाल तर ऑपरेशनच्या आठवडाभर आधीपासून लावा, म्हणजे तिला डबे कुठे ते कळतं.

ऋतूही बघून घ्या. हातभर घट्ट बाह्या चार ते सहा आठवडे अंगावर राहणार, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये नागपूर-अकोल्याकडच्यांनी हे धाडस करू नये. दिवाळी झाल्यावर करा. आणि घरात लग्न असेल तर दोन महिन्यांवर तारीख घेऊन "मुहूर्तापर्यंत दंड बारीक" हा हिशेब मांडू नका. त्या वेळी व्रण सगळ्यात लालभडक असतो.

तपासण्या नेहमीच्याच: रक्त, साखर, रक्त गोठण्याची तपासणी, ईसीजी. बॅरिएट्रिक झालेल्यांनी प्रथिनं, लोह आणि बी-१२ आवर्जून तपासावं, जखम भरायला ती लागतात. माझं हिमोग्लोबिन कमी निघालं आणि दीड महिना तारीख पुढे गेली. चिडचिड झाली, पण डॉक्टरांचं बरोबर होतं. अ‍ॅस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी, फिश ऑइल, लसणाच्या कॅप्सूल, काढे, चूर्णं यांची यादी द्या. हृदयासाठीची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

७. ऑपरेशनचा दिवस

भूल द्यायच्या आधी तुम्हाला उभं करून, हात पसरायला लावून, मार्करने रेघा ओढतात. घरी ओढलेली रेघ आठवेल. हीच वेळ शेवटचं बोलायची: व्रण आत की मागे, कोपरापर्यंत की अलीकडे थांबणार. दागिने, नेलपॉलिश घरीच. बोटातली अंगठी निघत नसेल तर चार दिवस आधीच सोनाराकडून कापून घ्या, कारण नंतर बोटं सुजतात.

साधारण दोन ते तीन तास लागतात, बहुधा पूर्ण भूल देऊन. आत काय करतात ते मी नंतर डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, "शिंपी करतो तेच. आधी टाचून बघायचं, मग कापायचं." आधीच सगळी कातडी कापून टाकली आणि तेवढ्यात टेबलावर हाताला सूज चढली, तर कडा जुळतच नाहीत. म्हणून थोडं कापायचं, लगेच शिवायचं, मग पुढचा तुकडा. काखेत सरळ रेघेऐवजी नागमोडी वळण देतात, नाहीतर व्रण दोरीसारखा आखडून हात वर जाताना ओढतो.

याच भागातून कोपराजवळ एक नस वर येते, मेडियल अँटीब्रॅकियल क्युटेनियस नर्व्ह. पुढच्या हाताच्या आतल्या बाजूची जाणीव तिच्याकडे असते. ती दुखावली तर तिथे बधिरपणा येतो, कधी काही महिने, कधी कायमचा. माझ्या डाव्या हातावर पाच रुपयांच्या नाण्याएवढी जागा अजून बधिर आहे. सहीपूर्वी हा मुद्दा संमतिपत्रात आहे का ते बघा.

शुद्धीवर आल्यावर हात कापसाच्या गाद्या बांधल्यासारखे जड वाटतात. बाजूने ड्रेनची नळी असू शकते, एक-दोन दिवसांत काढतात. बीपी कुठल्याच दंडावर न घेता दुसरीकडे घ्यायला नर्सना सांगा, रात्रपाळीच्या सिस्टरना पुन्हा सांगा. त्याच संध्याकाळी धरून धरून चालायचं, नाहीतर पायात रक्ताची गुठळी होऊ शकते.

८. घरी आल्यावर

पाठीवर झोपा, दोन्ही हातांखाली एकेक उशी, हात छातीपेक्षा उंच. कुशीवर झोपायची सवय असणाऱ्यांना पहिला आठवडा जड जातो. बोटं आणि मनगट हलवत राहा. दुखणं पोटाच्या ऑपरेशनापेक्षा खूप कमी असतं, पण सगळं ताणल्यासारखं वाटतं, जणू धाकट्या बहिणीचं घट्ट ब्लाउज घातलंय.

प्रेशरच्या बाह्या दोन जोड घ्या, एक अंगावर, एक वाळत. बोटं निळसर पडली, मुंग्या आल्या तर बाही फार घट्ट आहे, फोन करा. जखमेवर हळद, तूप, कोरफड काहीही लावू नका. आजी-आत्या "भात नको, वांगं नको, आंबट नको, पू होतो" म्हणतील. पू जंतूंनी होतो. उलट उसळी, अंडी, पनीर, मासे, डाळ रोज पोटात जाऊ द्या.

ऑफिसचं बसून काम दहा-पंधरा दिवसांत जमतं. दुचाकी, वजन उचलणं, एसटीतला वरचा दांडा धरून उभं राहणं, दोरीवर कपडे, हे सगळं सर्जन हो म्हणेपर्यंत नाही. बहुतेकांचा आकडा चार ते सहा आठवडे असतो. मला तिसऱ्या आठवड्यात अगदी ठीक वाटत होतं. पाहुणे आले, म्हणून फळीवरचा चिवड्याचा डबा काढला. काखेत काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. संध्याकाळी बाहीवर ओला डाग. टाके रुपयाएवढे उसवले होते. काखेजवळ ताण आणि घाम दोन्ही असल्याने जखम उघडायची जागा बहुधा तीच. पुन्हा शिवावं लागलं नाही, महिनाभर ड्रेसिंग करून भरली. पण माझा व्रण तिथेच सगळ्यात रुंद आहे, आणि तो डबा जेमतेम अर्धा किलोचा होता.

ताबडतोब फोन करायची कारणं: १०१ च्या वर ताप, एकच हात अचानक जास्त फुगणं, वास येणारा स्राव, टाके उघडणं. पोटरी दुखून सुजली किंवा दम लागला तर फोनही नको, थेट कॅज्युअल्टी. कातडीखाली पाणी साचून फुगा आल्यासारखं होणं मात्र बऱ्याच जणांना होतं. डॉक्टर सुईने काढतात. घाबरण्यासारखं नसतं, पण घरी दाबून बघू नका.

९. व्रण आणि टेलर

पहिले तीन महिने व्रण लाल, जाड, कधी खाजरा असतो. याच काळात लोक रडतात, मीही रडले. पूर्ण निवळायला १२ ते १८ महिने लागतात. जखम पक्की मिटल्यावर, साधारण तिसऱ्या आठवड्यापासून, सिलिकॉनची पट्टी किंवा जेल सुरू करतात. पट्टी दिवसाचे बारा तास तरी आणि निदान तीन महिने लावावी लागते, आठवड्यातून दोनदा लावून काही होत नाही. ऊन लागलं तर व्रण काळा पडतो, म्हणून वर्षभर सनस्क्रीन किंवा बाही. कुठे गाठीसारखा वाढू लागला तर लगेच दाखवा. वेळेत दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनने बसतो.

नवी ब्लाउजं शिवायची घाई सगळ्यांनाच होते. माझ्या टेलरकाकांनी दीड महिन्याने माप घेतलं, म्हणाले, "ताई, डावा अर्धा इंच जास्त भरतोय." सूज होती. सहा महिन्यांनी दोन्ही जवळपास सारखे झाले आणि त्या मापाने शिवलेली तिन्ही ब्लाउजं उसवायला लागली. तेव्हा सहा महिने जुन्यावरच भागवा. एखाद्या कार्याला शिवावंच लागलं, तर बाहीच्या शिवणीत दोन बोटं माया ठेवायला सांगा.